पूरक तासात करायचे काय? कम्युनिटी कॉलेजात जोडवर्ग नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक महाविद्यालयात, गणित किंवा इंग्रजी शिकवण्याचे अर्धवेळ काम मिळाले, की नव्या शिक्षकाच्या वेळापत्रकात पुष्कळदा एकाच विषयाचे दोन वर्ग दिसतात. एक असतो संख्याशास्त्राचा किंवा निबंधलेखनाचा नेहमीचा, पदवीसाठी क्रेडिट देणारा वर्ग आणि दुसरा त्याला जोडलेला, आठवड्यातून दोन-तीन तासांचा पूरक वर्ग. ज्याचा पाया कच्चा आहे असे कॉलेजला वाटते त्या विद्यार्थ्याला आधी वेगळ्या वर्गात अडकवून न ठेवता पहिल्याच सेमिस्टरमध्ये मुख्य विषयाला बसवायचे आणि लागेल तो आधार त्याच आठवड्यात द्यायचा, अशी ही पद्धत आहे. येथे तिला ‘को-रेक्विझिट’ म्हणतात. या लेखात मी ‘जोडवर्ग’ आणि ‘पूरक तास’ हे शब्द वापरले आहेत.

मी काही वर्षे संख्याशास्त्राचा जोडवर्ग शिकवते आहे. महाराष्ट्रात एम.एस्सी. करून येथे आलेल्या आणि हे काम नव्याने स्वीकारणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: मुख्य वर्ग कसा घ्यायचा ते समजते, पण पूरक तासात करायचे काय? बी.एड.मध्ये नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकलेल्यांना हा प्रश्न सोपा वाटतो आणि तेच पहिल्या सेमिस्टरला अधिक फसतात, कारण तेथे उपचार संपल्यावर पुढचा धडा सुरू होतो, तर येथे पुढचा धडा आधीच सुरू झालेला असतो.

आपल्याकडच्या एटीकेटीशीही याची गल्लत करू नये. एटीकेटीत विद्यार्थी राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्षात जातो आणि त्याची तयारी त्याची त्यानेच करायची असते. जोडवर्गात मागचे आणि पुढचे एकाच आठवड्यात, एकाच धड्यासाठी आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली एकत्र येते.

पहिली पायरी: जुनी पद्धत का सोडली गेली ते समजून घ्या

हे समजले नाही तर पूरक तासात जुनीच पद्धत मागच्या दाराने परत येते, म्हणून येथे थोडा वेळ घालवणे योग्य ठरेल. पूर्वी प्रवेशाच्या वेळी एक चाचणी होई आणि तीत कमी गुण मिळालेल्याला पूर्वतयारीचे एक, दोन, कधी तीन वर्ग ओळीने पार करावे लागत. त्या वर्गांचे पैसे भरावे लागत, पण त्यांचे क्रेडिट पदवीत धरले जात नसे. आता एक काल्पनिक हिशेब करून पाहू. शंभर विद्यार्थ्यांना तीन पायऱ्या खाली बसवले, प्रत्येक वर्गात ७० टक्के उत्तीर्ण झाले आणि उत्तीर्ण झालेल्यांपैकी ८० टक्क्यांनी पुढच्या वर्गात नाव घातले, असे धरा. हे दोन्ही आकडे वाईट नाहीत. तरीही तीन पूर्वतयारीचे वर्ग आणि त्यानंतरचा मुख्य विषय यांतून पार होणारे शेवटी सुमारे १२ जण उरतात. कोणी एक शिक्षक वाईट शिकवत नाही, कोणी एक वर्ग फार अवघड नाही. गळती होते ती दोन वर्गांमधल्या सांध्यांतून.

प्रत्यक्षातले चित्र याच्याशी जुळणारे होते. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरमध्ये थॉमस बेली व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गणिताच्या पूर्वतयारीकडे पाठवलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के आणि वाचनाच्या पूर्वतयारीकडे पाठवलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्केच ती साखळी पूर्ण करतात, असे त्यांना आढळले. त्यात नापास होऊन बाहेर पडलेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न घातलेले अधिक होते.

मेरीलँडमधील कम्युनिटी कॉलेज ऑफ बाल्टिमोर काउंटी येथे पीटर अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली इंग्रजीसाठी ‘अ‍ॅक्सिलरेटेड लर्निंग प्रोग्राम’ सुरू केला तो या सांध्यावर उपाय म्हणून. पूर्वतयारीकडे पाठवले गेलेले काही विद्यार्थी इंग्रजी १०१ च्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या इंग्रजी विषयाच्या, नेहमीच्या वर्गात इतरांबरोबर बसतात आणि तो संपला, की तेवढेच विद्यार्थी त्याच शिक्षकाबरोबर आणखी एक छोटा वर्ग करतात. गणितात न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत २०१३ साली अलेक्झांड्रा लोग यांच्या गटाने सुमारे ९०० विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून निवड करण्याच्या पद्धतीने प्रयोग केला. नुसत्या प्राथमिक बीजगणिताच्या वर्गात ३९ टक्के, बीजगणितासोबत साप्ताहिक कार्यशाळा असलेल्या वर्गात ४५ टक्के, आणि थेट संख्याशास्त्रासोबत कार्यशाळा असलेल्या वर्गात ५६ टक्के उत्तीर्ण झाले. म्हणजे वरच्या पातळीचा विषय घेतलेलेच अधिक पार झाले. टेनेसी राज्याने २०१५ मध्ये ही पद्धत सर्व कम्युनिटी कॉलेजांत लागू केली. तेथे पूर्वतयारीकडे जाणाऱ्यांपैकी वर्षभरात महाविद्यालयीन गणित पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते, ते ५१ टक्क्यांच्या आसपास गेले. कॅलिफोर्नियात २०१७ साली संमत झालेल्या एबी ७०५ या कायद्याने आणि टेक्सासमध्ये त्याच वर्षीच्या कायद्याने कॉलेजांना याच दिशेने वळवले.

आकडे पाहून हुरळून जाऊ नये. टेनेसीतील विद्यार्थ्यांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा पहिला विषय पार होण्याचे प्रमाण निश्चित वाढलेले दिसले, पण कॉलेजात टिकून राहणे आणि पदवी पूर्ण करणे यांत लक्षणीय फरक आढळला नाही. न्यूयॉर्कच्या प्रयोगात मात्र संख्याशास्त्राच्या गटात तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाणही अधिक निघाले. माझ्या मते जोडवर्ग एक दार उघडतो; पुढची दारे उघडण्याची अपेक्षा त्या एका वर्गाकडून करणे बरोबर नाही.

दुसरी पायरी: विद्यार्थी तुमच्यापर्यंत कसा पोहोचला ते विचारा

पूर्वी अ‍ॅक्युप्लेसर किंवा कंपास या संगणकीय चाचण्यांवर सारे ठरत असे. कंपास २०१६ साली बंद झाली. अशा चाचण्यांवरून इंग्रजीत सुमारे एक तृतीयांश आणि गणितात सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी चुकीच्या जागी बसवले जातात, असे ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसले. त्यानंतर अनेक ठिकाणी हायस्कूलमधल्या एकूण गुणांना, म्हणजे जीपीएला, अधिक वजन आले. प्रौढ किंवा परदेशात शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत कॉलेजे कधी स्व-मूल्यमापनाची प्रश्नावलीही वापरतात.

शिक्षकाला यातून एवढेच घ्यायचे आहे, की यादीत नाव आले म्हणून विद्यार्थी ‘कच्चा’ ठरत नाही. माझ्या वर्गात दहा वर्षे दुकान चालवलेल्या एक बाई होत्या. टक्केवारी त्यांना तोंडपाठ होती, पण वर्गमुळाचे चिन्ह पाहून त्या थबकत. शेजारी नुकताच हायस्कूलमधून आलेला मुलगा बसे. त्याला सूत्रे येत आणि उत्तर शक्य कोटीतले आहे की नाही हे अजिबात कळत नसे. दोघांना ‘ढ’ म्हणून एका बाकावर बसवण्याची आपल्याकडची शाळेतली सवय येथे पूर्णपणे टाकून द्यावी लागते.

तिसरी पायरी: काम स्वीकारताना रचना नीट समजून घ्या

‘को-रेक्विझिट’ हे एकच नाव असले तरी त्याखाली निरनिराळ्या रचना चालतात, म्हणून विभागप्रमुखांना चार गोष्टी आधीच विचाराव्यात. मुख्य वर्ग आणि पूरक वर्ग एकच शिक्षक घेतो की दोन? मुख्य वर्गात सगळेच पूरक तासाचे विद्यार्थी आहेत की मिश्र? पूरक वर्गाला स्वतंत्र श्रेणी आहे की फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण? आणि विद्यार्थी मुख्य विषयात पार झाला पण पूरक वर्गात नापास झाला, तर काय होते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. शिक्षक एकच असेल तर सकाळी वर्ग कोठे अडखळला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले असते. शिक्षक दोन असतील तर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे तरी बोलण्याची वेळ दोघांनी ठरवून घ्यावी आणि दुसऱ्याचा सिलॅबस, गृहपाठ आणि परीक्षेच्या तारखा हाताशी ठेवाव्यात. अर्धवेळ शिक्षकाला या बैठकीचे पैसे मिळतात का, हेही त्याच वेळी विचारावे. संकोच करू नये.

रचना मिश्र असेल तर एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. मुख्य वर्गात ‘पूरक तासाच्या मुलांनी थांबा’ असे जाहीरपणे म्हणायचे नाही. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवण्याचा फर्पा हा संघीय कायदा आहे आणि कायदा नसता, तरी असे म्हटल्याने त्या विद्यार्थ्याचा वर्गातला हात पुन्हा वर येत नाही.

चौथी पायरी: आखणी मागून पुढे करा

पहिल्या सेमिस्टरला मी पूरक तासासाठी अपूर्णांक, मग दशांश, मग टक्केवारी, मग समीकरणे अशी पाठ्यपुस्तकी क्रमाची यादी केली होती आणि ती चौथ्या आठवड्यातच कोलमडली. विद्यार्थी मुख्य वर्गात आलेखांशी झुंजत होते आणि पूरक तासात मी त्यांच्याकडून अपूर्णांकांची बेरीज करून घेत होते. एकाने शांतपणे विचारले, की हे परीक्षेत कोठे येणार आहे? माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता मी उलटीकडून सुरुवात करते. मुख्य विषयाचा आठवडावार सिलॅबस समोर ठेवायचा आणि प्रत्येक आठवड्यापुढे लिहायचे, की हा धडा समजायला मागचे नेमके काय लागते. त्या आठवड्यात न लागणारी कोणतीही गोष्ट पूरक तासात येत नाही, मग ती शिकवायला कितीही सोयीची असो. संख्याशास्त्रात बहुपदींचे अवयव पाडणे लागत नाही, म्हणून ते नाही. कॅल्क्युलसकडे जाणाऱ्या बीजगणिताच्या जोडवर्गात मात्र त्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, म्हणून तेथे ते आधी.

माझ्या यादीतली काही उदाहरणे देते. झेड-गुणांकाच्या (निरीक्षण सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे, ते सांगणारा आकडा) आठवड्यापुढे ‘क्रियांचा क्रम आणि कंस’ असे लिहिलेले असते. सरासरी ६८, प्रमाण विचलन ४ आणि निरीक्षण ६२ असेल तर उत्तर उणे १.५ येते, पण विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर कंस न देता ६२ वजा ६८ भागिले ४ असे दाबतो आणि ४५ हे उत्तर निमूटपणे वहीत उतरवतो. संभाव्यतेच्या आठवड्यापुढे ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा कमी’ हे शब्द आणि असमानतेची चिन्हे असतात. तेथे गणितापेक्षा भाषाच आडवी येते, विशेषतः इंग्रजी ज्यांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे त्यांना. गृहीतक-परीक्षणाच्या आठवड्यापुढे ‘दशांशांची तुलना’ असते, कारण ०.०३१२ मध्ये आकडे जास्त म्हणून ती संख्या ०.०५ पेक्षा मोठी, असे मानणारे विद्यार्थी दर सेमिस्टरला भेटतात. त्याच आठवड्यात टीआय-८४ कॅल्क्युलेटर पडद्यावर ३.२, मग इंग्रजी ई हे अक्षर आणि मग उणे ४ असे दाखवतो. ती संख्या ०.०००३२ आहे हे न कळल्यामुळे पी-व्हॅल्यू, जी एक संभाव्यताच असते, ३.२ आली असे लिहिले जाते. संभाव्यता एकपेक्षा मोठी असू शकत नाही हे त्याच विद्यार्थ्याने महिन्याभरापूर्वी अचूक सांगितलेले असते.

ही यादी करायला पहिल्या वेळी एक आख्खा शनिवार लागतो. तो काढावा.

पाचवी पायरी: एक पूरक तास कसा जातो

प्रमाण विचलनाचा तास घेऊ. मुख्य वर्गात तो विषय उद्या आहे. पूरक तासाच्या सुरुवातीला मी फळ्यावर फक्त ४, ६ आणि ८ या तीन संख्या लिहिते आणि त्या सरासरीपासून किती दूर आहेत, असे विचारते. सरासरी ६, अंतरे उणे २, शून्य आणि २. मग त्या अंतरांचे वर्ग कॅल्क्युलेटरवर काढायला सांगते आणि काही बोलत नाही. निम्मे विद्यार्थी उणे २ ला कंसात न घालता त्याचा वर्ग करतात आणि कॅल्क्युलेटर उणे ४ दाखवतो. त्यांची बेरीज शून्य येते, म्हणजे या तीन वेगवेगळ्या संख्यांत काहीच फरक नाही असा अर्थ निघतो. बाकीच्यांची बेरीज ८ येते.

आता दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहायची आणि कोणाचे बरोबर ते सांगण्याची घाई करायची नाही. दोघा-तिघांच्या गटांत चर्चा होऊ द्यायची. कोणी तरी म्हणतेच, की संख्या वेगळ्या असताना फरक शून्य कसा? तेथून कंस येतो, ऋण संख्येचा वर्ग धन का हे येते आणि या सगळ्यापेक्षा मोलाची, उत्तराकडे संशयाने पाहण्याची सवय येते. शेवटच्या दहा मिनिटांत ८ ला २ ने (म्हणजे एकूण संख्यांपेक्षा एक कमी) भागून वर्गमूळ घेतले, की प्रमाण विचलन २ मिळते. दुसऱ्या दिवशी मुख्य वर्गात हाच विषय निघतो, तेव्हा पूरक तासाचे विद्यार्थी एक पाऊल पुढे असतात आणि त्यांच्यातलाच कोणी तरी शेजाऱ्याला कंस द्यायला सांगतो.

पूरक तास धड्याच्या आधी घ्यावा की नंतर, याबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. मला आधी घेणे पसंत आहे. नंतर घेतलेला तास सहज शिकवणीसारखा होतो: सकाळी जे कळले नाही तेच संध्याकाळी थोड्या सावकाश आवाजात पुन्हा सांगायचे. आपण बहुतेक सगळे शिकवण्यांच्या वातावरणात वाढलो असल्यामुळे ही सवय हातून नकळत घडते, म्हणून तास संपल्यावर स्वतःला विचारावे, की आज मी अधिक बोलले की विद्यार्थी?

इंग्रजीच्या जोडवर्गाबद्दल माझा अनुभव सहकाऱ्यांच्या वर्गांत मागे बसण्यापुरताच आहे, तरी तत्त्व तेच दिसते. व्याकरणाचे सुटे सराव घेण्याऐवजी मुख्य वर्गात लिहायला दिलेल्या निबंधाचाच कच्चा खर्डा पूरक तासात समोर येतो. मुख्य विधान कोठे आहे, उतारा उद्धृत केल्यावर त्याबद्दल लेखकाने स्वतः काय म्हटले आहे, हे त्या खर्ड्यावरच पाहिले जाते आणि व्याकरणाची चूक त्याच विद्यार्थ्याच्या त्याच वाक्यात दुरुस्त होते.

सहावी पायरी: अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना वेळ ठेवा

पूरक वर्ग छोटा असतो, त्यामुळे मुख्य वर्गात न दिसणाऱ्या गोष्टी येथे दिसतात. कोणाची गोदामातली रात्रपाळी असते, कोणाची बस चुकते, कोणाकडे मूल सांभाळायला माणूस नसते. पहिल्या दोन आठवड्यांत मी एक कागद देते आणि त्यावर आठवड्याचे कामाचे तास, घरी अभ्यासाची जागा आणि कॉलेजने काय जाणून घ्यावे असे वाटते, एवढे लिहून घेते. हे सारे सोडवणे शिक्षकाच्या हातात नाही, पण ट्युटरिंग सेंटर, समुपदेशक आणि आर्थिक मदत कार्यालय कोठे आहे हे तुम्हाला माहीत हवे. ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे शिक्षकाला भेटण्याची वेळ, शिक्षकाने एकट्याने काम करण्याची वेळ नव्हे, हेही स्पष्ट सांगावे लागते. अनेकांना ते ठाऊक नसते आणि आपल्यालाही येथे आल्यावर ते कोणी तरी सांगितलेलेच होते.

पैशांबद्दल प्रश्न येतात. पूर्वतयारीच्या क्रेडिटांसाठी संघीय आर्थिक मदत साधारणपणे ३० सेमिस्टर क्रेडिटांपर्यंतच मिळते आणि पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारे, परत न करावे लागणारे संघीय अनुदान) आयुष्यभरात एकूण १२ पूर्णवेळ सेमिस्टरांएवढीच मिळते. पूरक वर्गाचे क्रेडिट या हिशेबात कसे धरले जाते, ते तुमच्या कॉलेजच्या कार्यालयाकडून विद्यार्थ्याने लेखी घ्यावे. शिक्षकाने अंदाजाने उत्तर देऊ नये.

सातवी पायरी: गुण आणि गृहपाठ

पूरक वर्गाचा वेगळा गृहपाठ देऊ नये. ज्यांच्याकडे आधीच वेळ कमी आहे त्यांनाच दुप्पट काम देणे हा उपाय असू शकत नाही. पूरक तासात जे होते ते तेथेच पुरे व्हावे किंवा मुख्य गृहपाठाचाच भाग असावे. श्रेणी द्यावीच लागत असेल, तर हजेरी, वर्गातले काम आणि परीक्षेनंतर स्वतःच्या चुका शोधून लिहिलेली दुरुस्ती यांवर ती द्यावी. मुख्य परीक्षेची पातळी मात्र खाली आणू नये. क्रेडिट खरे आहे, चार वर्षांच्या विद्यापीठात ते ट्रान्सफर होणार आहे आणि तेथील पुढचा शिक्षक विद्यार्थ्याकडून पूर्ण तयारीची अपेक्षा करणार आहे.

पहिली परीक्षा तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात, लहानशी घ्यावी. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत थांबलात तर विषय सोडण्याची अंतिम तारीख जवळ आलेली असते आणि घाबरलेला विद्यार्थी तुम्हाला न विचारताच नाव काढून घेतो. परीक्षेनंतर ज्याचे गुण कमी आहेत त्याला ईमेल पाठवून थांबू नका. पूरक तासात त्याच्या बाकाशी जाऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोला.

सेमिस्टर संपल्यावर

तीन आकडे स्वतःसाठी लिहून ठेवावेत: पूरक वर्गातल्या किती जणांनी मुख्य विषय पार केला, किती जण मध्येच गेले, आणि पुढच्या सेमिस्टरमध्ये किती जणांनी कॉलेजात नाव घातले. तिसरा आकडा शिक्षकाला कोणी आपणहून देत नाही, तो विभागाकडे मागावा लागतो. त्याखाली आठवडावार यादी पुन्हा काढावी आणि जेथे आधार उशिरा पोहोचला त्या ओळीपुढे खूण करावी. माझ्या यादीत दशांशांच्या तुलनेपुढे अशा खुणा झाल्या आहेत, म्हणून येत्या सेमिस्टरमध्ये तो तास मी दोन आठवडे अलीकडे घेणार आहे.